पोरं वर्गाबाहेर पडली तेव्हा

आज कर्जाचे हप्ते नाहीत की पापडाचा भाव नाही. आज शाळेविषयी बोलणार आहोत, आणि तीही लांबची, इंग्लंडातली.

आमच्या गटातल्या एका मावशींची लेक तिकडे असते. 2023 च्या नोव्हेंबरात, आमची बैठक चालू असतानाच तिचा फोन आला. गाझातलं युद्ध सुरू होऊन दीडेक महिना होत आला होता. तिकडच्या काही शाळांतली मुलं 'युद्ध थांबवा' म्हणत वर्गातून उठून बाहेर पडली होती, त्यात मावशींची नववीतली नातही होती. शाळेने गैरहजेरी मांडली, घरी कळवलं. लेक रडवेली होऊन विचारत होती, "आई, हिला रागवू का हिच्या पाठीशी उभी राहू?"

मावशींनी फोन स्पीकरवर टाकला आणि आमच्यात वाद पेटला. एक म्हणाली, शाळेत शिकायला पाठवलंय की घोषणा द्यायला? दुसरी म्हणाली, मग नंदुरबारच्या शिरीषकुमारचं काय? 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा घेऊन निघालेला तो पंधरा वर्षांचा पोरगा पोलिसांच्या गोळीने गेला, त्याच्यासोबतची आणखी चार पोरंही गेली. आपण त्याच्या स्मारकाला हार घालतो. तेव्हा मावशी हळूच म्हणाल्या, "हार घालताना त्याच्या आईचं नाव कुणी घेतं का गं?" मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

अमेरिकेतली एक गोष्टही आम्हाला कामाला आली. 1965 साली डि मॉइन गावात काही मुलं व्हिएतनामच्या युद्धाचं दुःख म्हणून दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. मेरी बेथ टिंकर त्यातली, तेरा वर्षांची. शाळेने त्यांना घरी पाठवलं. आईबाप मागे हटले नाहीत, कोर्टात गेले. 1969 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. पण नीट ऐका: ती मुलं वर्गात गप्प बसून होती. शिकवण्यात खोळंबा झाला तर शाळा अडवू शकते, हेही त्याच निकालात आहे. वर्ग सोडून जाणं ही वेगळी गोष्ट, त्याची किंमत मोजावी लागते.

म्हणून लेकीला आम्ही म्हटलं, रागवू नकोस, पण गैरहजेरी खोडायला शाळेशी भांडूही नकोस. पोरीने ठरवून केलंय, तर तो शेरा तिचा. इंग्लंडात आता असा नियम आहे, की दहा शालेय आठवड्यांत विनापरवानगी दहा अर्धे दिवस बुडाले की शाळेला दंडाचा विचार करावा लागतो. 80 पौंडांपासून तो सुरू होतो. एका दुपारीने काही बिघडत नाही, पण सवय नको. पुन्हा जायचं असेल तर आधी घरी सांग, कुणाबरोबर जाणार, घरी कशी येणार ते ठरव. आणि ज्या व्हिडिओमुळे तिला रडू आलं, तो तिच्या शेजारी बसून एकदा तूही बघ. कुठून आला, कुणी टाकला, दोघी मिळून शोधा. आपल्या गावातली पोरंसुद्धा रात्री गोधडीत तोंड घालून हेच बघतात, आणि आपल्याला वाटतं गेम खेळताहेत.

शिक्षकांशीही बोल, असं सांगितलं. तिथल्या 1996 च्या कायद्याने राजकीय विषय शाळेत निघाला तर दोन्ही बाजू मुलांपुढे ठेवाव्या लागतात. तेव्हा शिक्षक मोकळेपणी बोलत नसतील तर ते दगडाच्या काळजाचे आहेत असं समजू नये.

मग लेकीने खरी अडचण सांगितली. नातीची एक मैत्रीण ज्यू आहे. तिची मावशी इस्राएलमध्ये राहते, 7 ऑक्टोबरच्या हल्ल्यापासून त्या घरात कुणाला धड झोप नाही. वर्ग रिकामा झाला तेव्हा ती पोर एकटीच बाकावर बसून राहिली. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत.

इथे मात्र आमच्यात वाद झाला नाही. बाहेर पडलेलीला जशी आई हवी, तशीच बाकावर राहिलेलीलाही कुणीतरी हवं. मावशींनी नातीला फोनवर घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती जेवते का गं नीट?"

त्या शुक्रवारी नात मैत्रिणीच्या घरी गेली. दारातच उभी राहिली म्हणे, काय बोलावं सुचेना. मैत्रिणीच्या आईने आत बोलावलं, खायला दिलं. युद्धाचं बोलणं निघालं नाही. निघताना मैत्रिणीने तिला गणिताची वही दिली. त्या दुपारचा बुडालेला धडा त्यात उतरवलेला होता.