आधी आपल्या यंत्रावर, मग लोकांपुढे
(हरणी, वडोदरा येथे शिक्षक, कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेचे किंवा पंचायतीचे संकेतस्थळ करावयाचे ठरले, की मजकूर कोणता द्यावयाचा याची पुष्कळ चर्चा होते. ते कोणत्या यंत्रावर घडवावयाचे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. लिहिले की तडक सर्व्हरवर चढविले, म्हणजे साऱ्या जगाला दिसणाऱ्या यंत्रावरच दुरुस्त्या करीत बसावयाचे, असा प्रकार जागोजागी चालतो.

ज्या राज्याच्या भूमीत आपण जमलो आहोत, तेथे याहून शहाणी रीत फार पूर्वी पडली होती. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण श्रीमंत सयाजीराव महाराजांनी एकदम राज्यभर लागू केले नाही. १८९३ साली ते अमरेली तालुक्यात करून पाहिले आणि तो अनुभव पदरी पडल्यावर १९०६ साली सर्व राज्यात नेले. संगणकाच्या कामी तेरा वर्षे नकोत. आठवडाभराची तपासणीही पुष्कळ दोष दाखवून देते.

आपल्याच संगणकावर सर्व्हरचे काम करणारी प्रणाली बसविता येते. १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक यंत्राचा स्वतःपुरता असतो. तेथे मांडलेले पान बाहेरच्या कोणास दिसत नाही. तेथे हवे तितके मोडावे, पुन्हा जोडावे. कोणाचा अर्ज अडत नाही.

तथापि घरचे यंत्र व सर्व्हर यांत भेद असतात, आणि खरी मेख तेथेच आहे. घरी बहुधा विंडोज असते, सर्व्हरवर बहुधा लिनक्स. फाइलच्या नावातील रोमन अक्षर मोठे की लहान, याची विंडोज फिकीर करीत नाही, लिनक्स करते. घरी दिसणारे चित्र तिकडे दिसेनासे होते ते यामुळे. दुसरा भेद वेळेचा. सर्व्हरचे घड्याळ पुष्कळदा जागतिक वेळेवर चालते, आणि ती आपल्याहून साडेपाच तास मागे आहे. अर्जाची मुदत ३१ मार्चच्या मध्यरात्री संपावयाची, ती आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचला संपते. त्या पहाटे तीन वाजता आलेला अर्ज मुदतीत धरावयाचा की नाही? हा तंटा कारकुनाने सोडवावयाचा नाही. तो आधीच तपासून मिटवावयाचा आहे.

तिसरी गोष्ट आपल्या लिपीची. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास तीन. चाचणी इंग्रजी नावे घालून केली आणि जागा बाइटांत मोजलेली असली, तर मराठी किंवा गुजराती नाव मध्येच तुटते. म्हणून चाचणीची नावे लांब, जोडाक्षरांची व आपल्या लिपीतील असावीत. मात्र ती कल्पित असावीत. खऱ्या विद्यार्थ्यांची यादी कोणाच्या घरच्या संगणकावर उतरविणे मला मुळीच मान्य नाही. ती यादी पालकांनी शाळेवर विश्वासून दिलेली असते.

हे दोष केवळ लहान संस्थांचे, असे समजू नये. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या केंद्र सरकारने आरोग्यविम्याचे संकेतस्थळ सुरू केले. सर्व भाग एकत्र जोडून करावयाची तपासणी आरंभापूर्वी जेमतेम दोन आठवडे झाली होती. पहिल्या दिवशी विमा घेण्याचे काम पुरते करू शकलेल्यांची संख्या होती सहा! पैशाची वाण तेथे नव्हती.

घरी तपासलेले काम सर्व्हरवर नेताना जुन्या पानांची व नोंदींची प्रत प्रथम काढून ठेवावी, आणि ती परत बसविता येते की नाही हेही एकदा करून पाहावे. शक्य तर त्याच जातीच्या सर्व्हरवर, लोकांपासून आडोशाला, मधली एक तालीम घ्यावी. शेवटी हे काम सुटीच्या आदल्या संध्याकाळी न करता कामाच्या दिवशी सकाळी करावे. बिघडलेच तर दुरुस्त करणारा माणूस जागेवर असतो.