दिव्याची वर्गणी



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून गेली आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेला, बिडी कामगारांच्या दारोदार वर्गणीची पावती फाडत केस पिकवलेला माणूस. तेव्हा विषय सूर्याच्या विजेचा असला तरी मी यंत्रावर थोडे आणि वर्गणीवर अधिक बोलणार आहे.

माझी आई चिमणीच्या उजेडात बिड्या वळत असे. अपुऱ्या उजेडात वळलेली बिडी सैल राहते. सकाळी सट्टेदाराकडे नेली की ती छाटीत जाते, मजुरी बुडते. घासलेटाचा खर्च तो वेगळाच. म्हणजे उजेड नसल्याचे पैसे आम्ही रोज मोजत होतो. त्याचे बिल तेवढे कोणी देत नव्हते. गरीब माणूस विजेचे पैसे देणार नाही, असे कोणी म्हणाले की मला ते न मिळालेले बिल आठवते.

आपल्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. देशातल्या प्रत्येक गावात वीज पोहोचली, अशी घोषणा २८ एप्रिल २०१८ रोजी झाली. पण शंभरातल्या दहा घरांत आणि शाळा-पंचायतीसारख्या ठिकाणी दिवा लागला की सरकारी हिशेबात ते गाव उजळत असे. उरलेल्या घरांसाठी २०१७ साली 'सौभाग्य' योजना निघाली आणि तिने पुष्कळ काम केले, हे कबूल केले पाहिजे. तरीही जंगलातल्या दूरच्या टोल्याला खांब नेणे महाग, आणि नेला तरी पावसाळ्यात झाड पडले की तार तुटते. अशा ठिकाणी गावातच सौरपट्ट्या व बॅटऱ्या बसवून घरोघर तारा ओढायच्या, याला सौर लघुजाल म्हणतात. २००३ च्या वीज कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात अशी वीज निर्माण करून वाटायला परवान्याची अटही ठेवलेली नाही.

मग अडते कुठे? एका टोल्यावर मी ते डोळ्यांनी पाहिले. कोणी दात्याने सौरदिवे दिले होते. फोटो निघाले, हार पडले. पाचव्या वर्षी बॅटरी मेली. नवी कोणी घ्यायची, हे कोणी ठरवलेच नव्हते. मी गेलो तेव्हा पट्टीवर मिरच्या वाळत होत्या. पहिल्या बॅटरीला दाता मिळतो. दुसरीला कोणी मिळत नाही.

बिहारमधल्या धरनईची गोष्ट याहून मोठी. २०१४ साली तेथे शंभर किलोवॅटचे लघुजाल उभे राहिले, माजी मुख्यमंत्री आले. पुढे सरकारी तार आली, तिची वीज स्वस्त पडली, लोक तिकडे वळले. काही वर्षांत बॅटऱ्या निकामी झाल्या आणि केंद्र बंद पडले. सरकारी तार आल्यावर काय करायचे, हे आधी ठरवावे लागते, हा तिथला धडा.

उलट आपल्या पुणे जिल्ह्यातले दरेवाडी पाहा. चाळीसएक घरांची डोंगरातली वस्ती. २०१२ साली ग्राम ऊर्जा या संस्थेने तेथे साडेनऊ किलोवॅटच्या आसपासचे केंद्र बसवले; पैसा बॉश या जर्मन कंपनीच्या सौर विभागाने दिला. पण मालकी-कारभारासाठी गावाचाच न्यास झाला, घरोघर मीटर लागले, आणि मीटरप्रमाणे पैसे गोळा करायचे ठरले. पहिला पैसा बाहेरचा, पुढचा गावाचा, ही यातली खूण आहे.

मात्र संस्था आपली झाली म्हणजे सारे झाले, असे समजू नये. श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके खेड्यापाड्यांत वीज वाटली. थकबाकीचा डोंगर झाला, आणि २०११ साली वितरण महावितरणकडे गेले. वर्गणी थकली की संघटना आजारी पडते, हे मला कोणी शिकवायला नको.

आता साधा हिशेब मांडू. धरा, चाळीस घरे आहेत, बॅटरीचा संच सहा वर्षे टिकतो आणि नवा चार लाखांना पडतो. तर घरटी महिन्याला सुमारे १४० रुपये वेगळे पडले पाहिजेत. पण टोल्यावर दरमहा पगार होत नाही. पैसा येतो तो मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर आणि दिवाळीनंतर धान विकल्यावर. मग हप्ताही तेव्हाच घ्यावा! जो सावकार जंगलात टिकला, तो हंगाम ओळखूनच टिकला. बँकेने एवढे तरी त्याच्याकडून शिकावे.

आणि सगळाच भार टोल्यावर टाकावा, असेही माझे म्हणणे नाही. आपण शहरात राहतो. आपल्या दारापर्यंत आलेल्या खांबांची, रोहित्रांची किंमत आपल्याकडून कोणी एकरकमी घेतली काय? ती सर्वांच्या दरात वाटली जाते. मग जंगलातल्या माणसाकडूनच पट्टीपासून तारेपर्यंत सारी किंमत युनिटमागे वसूल करणे हा कोणता न्याय? म्हणून माझी मागणी तीन कलमांची आहे. उभारणीचा पैसा सार्वजनिक तिजोरीतून यावा. देखभालीची आणि बॅटरीची वर्गणी गावाने हंगामाप्रमाणे भरावी व तिचा जमाखर्च ग्रामसभेत वाचला जावा. आणि उद्या सरकारी तार आली तर गावाची वीज कोणत्या दराने विकत घेतली जाईल, याचा करार पहिल्याच दिवशी व्हावा.

आमच्या युनियनमध्ये नवी बाई सभासद झाली की ती वर्गणीची पावती जपून डब्यात ठेवते. पावती असली की ती सभेत उभी राहून हिशेब विचारते. दानाचा दिवा विझला तर माणूस गप्प बसतो. वर्गणीचा दिवा विझला तर भांडतो. टोल्यावरच्या माणसाला भांडण्याचा तो हक्क मिळावा, एवढेच मागून मी आपली रजा घेतो.