सरकार, धर्म आणि आम्ही बेने इस्राएल
(सिनेगॉगच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कमिटीने आम्हांला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली. विषय नाजूक आहे, काही चुकले तर पदरात घ्यावे.

सरकारने धर्मात किती हात घालावा? भारतात आम्ही मूठभर होतो, आणि सरकार कोणत्याच धर्माचे नव्हते. आमची लग्ने आमच्या हज्जानने लावली, केतुबा सिनेगॉगमध्ये वाचला. तुमच्या आजीची आई कोण, असे कोणा साहेबाने विचारले नाही. धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांसाठी 1954 चा स्पेशल मॅरेज ॲक्ट होता. घरात रडारड व्हायची ती व्हायची, पण कायद्याने कोणी अडत नव्हते. मात्र शनिवारी शाळा चालू, परीक्षा चालू, इस्पितळ तर चालूच! मग आम्ही नर्सेस ख्रिश्चन सिस्टरांशी ड्युटी बदलून घ्यायचो. त्यांचा रविवार आम्ही करायचो, आमचा शब्बाथ त्या सांभाळायच्या. मेट्रन कुरकुरायची, पण सही करायची.

येथे आलो आणि शुक्रवारी दुपारी बाजार बंद होताना पाहून आमच्या आयांच्या डोळ्यांना पाणी आले. पेसाहला इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून पाव नाहीसा होतो, ते आम्हांला सांगावे लागत नाही. हे सुख मोठे आहे, नाही कसे म्हणावे?

पण ज्या हाताने शब्बाथ दिला, त्याच हातात लग्नाचे रजिस्टर आहे. तुर्कांच्या अमलात ज्याचा त्याचा धर्म ज्याचे त्याचे लग्न लावी. इंग्रजांनी तेच चालू ठेवले आणि 1953 च्या कायद्याने यहुद्यांची लग्ने व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे राहिले. 1948 च्या जाहीरनाम्यात धर्माचे आणि विवेकाचे स्वातंत्र्य लिहिले आहे, तरी येथे नुसते सरकारी लग्न नाही.

याची झळ कोणाला लागली, हे आजच्या मुलांना ठाऊक नसते. 1962 मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीने सूचना काढल्या. बेने इस्राएलाला इतर यहुद्याशी लग्न करायचे तर आई, आजी, पणजी, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. पूर्वी आमच्यात घटस्फोट हलाखाप्रमाणे झाले होते का, ही त्यांची शंका. कोकणात तेल गाळणाऱ्या पणजीचा दाखला कोण कुठून आणणार? शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शेजाऱ्यांनी शनवार तेली म्हटले, तोच आमचा दाखला! आपले लोक जेरुसलेमला धरणे धरून बसले. 17 ऑगस्ट 1964 रोजी कनेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदी आहेत, लग्नाच्या बाबतीतसुद्धा. मग रब्बींनी सूचनांतून आमचे नाव काढले. ज्याच्याविषयी शंका असेल त्याची चौकशी, एवढे मात्र ठेवले.

लक्षात घ्या, आम्हांला त्या वेळी न्याय मिळाला तो धर्माच्या कचेरीत नव्हे, लोकांनी निवडलेल्या सभेत. म्हणून सरकारने धर्मातून अंग काढावे असे म्हणणाऱ्यांना आम्ही नास्तिक म्हणत नाही. आणि शब्बाथला बस नको म्हणणाऱ्यांनाही शत्रू समजत नाही. आमच्यातच दोन्ही आहेत, एकाच घरात आहेत.

आता जरा घरचे बोलतो. आपल्यातल्या एका घरच्या मुलाने रशियाहून आलेल्या मुलीशी लग्न केले. तिचे वडील यहुदी, आई नाही. परतीच्या कायद्याने ती येथे आली, सैन्यात गेली, पण हुप्पा तिला मिळाला नाही. दोघे सायप्रसला जाऊन लग्न करून आले. 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यापासून अशी लग्ने येथे नोंदवून घ्यावी लागतात. बाहेरच्या लग्नाची नोंद होते आणि येथे होत नाही, हा कसला न्याय, हे आम्हांला अजून उमगलेले नाही.

ते असो. पण आपल्याच ओट्यावर कुजबुज झाली, "तिची आई कोण?" हा प्रश्न ऐकून आमच्या छातीत कळ आली. धर्माचा नियम बदला असे आम्ही म्हणत नाही. हलाखा रब्बींनी पाहावा. पण हा प्रश्न 1962 मध्ये आपल्या आयांना विचारला गेला, तेव्हा त्यांना काय वाटले असेल?

त्या घरी पुढल्या गुरुवारी संध्याकाळी एलियाहू हन्नाबीचा मलिदा आहे. पोहे आणि खोबरे आम्ही भगिनी मंडळातर्फे नेणार आहोत. फळे कोणी आणायची ते आज जेवणानंतर ठरवू.

शालोम.