लाइट गेल्यावरची वीज



लाइट गेली की आता पुष्कळ घरांत इन्व्हर्टर चालतो. बॅटरीतली वीज तो घरातल्या तारांत सोडतो. आपल्याला वाटते, वीज ती वीज. आम्हांलाही तसेच वाटत होते.

आमच्या आईची फुप्फुसे अधू झाली, तेव्हा घरी ऑक्सिजनचे यंत्र आणले. एका रात्री लाइट गेली. यंत्र आम्ही आमच्या स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर लावले. ते घरघरले, तापले आणि टीं टीं करून बंद पडले. भरलेला सिलिंडर घरात होता, म्हणून निभावले. सकाळी लाइट आली आणि तेच यंत्र झकास चालले!

मग कारण काय? खांबावरून येणारी वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. झोपाळा कसा अलगद वर जातो, अलगद खाली येतो, तशी. स्वस्त इन्व्हर्टरही 50 हेलकावे देतो. पण ते पायऱ्यांसारखे. एकदम वर, जरा थांबला, एकदम खाली. मोटरीला हे हिसके सोसत नाहीत. ती तापते. पंखा गुणगुणतो तो यामुळेच, बरं का.

दिव्याला, मोबाइलच्या चार्जरला बहुधा काही होत नाही. फ्रीज, मिक्सर, पाण्याची मोटर मात्र यावर लावू नका. सुरू होताना मोटर कितीतरी पट जास्त वीज ओढते. इस्त्रीला हिसक्यांचे काही नाही, पण ती बॅटरी पिऊन टाकते. भिंतीत खोचायची स्वस्त विजेरी तापू लागली, तर आधी बटण बंद करा, मग ती काढा.

घरात ऑक्सिजनचे यंत्र असेल, तर दुकानात 'प्युअर साइन वेव्ह' इन्व्हर्टर मागा. त्याची वीज झोपाळ्यासारखी असते. यंत्राला किती वॅट लागतात तेही दुकानदाराला सांगा. आणि सिलिंडर तरीही भरलेला ठेवा.

आणखी एक. लाइट गेली म्हणून उघड्या तारेला हात लावू नका. इन्व्हर्टर चालू असला, तर त्या तारेत वीज असते, आणि ती माणूस मारते.

बॅटरी भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू सुटतो. तिच्याजवळ काडी ओढू नये. आमची बॅटरी आधी देवघराखाली होती, आणि वर समई! आता ती ओसरीवर, वाऱ्याला ठेवली आहे. पोरांचा हात पोचणार नाही अशी.