पाचगणीहून आणलेली वही

(मिशनच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत वसतिगृहाच्या रेक्टरांनी केलेले भाषण)



जानेवारीत आपल्या वसतिगृहांतले पाच विद्यार्थी, तीन मुली आणि दोन मुलगे, पाचगणीला आंतरराष्ट्रीय युवक शिबिराला जाऊन आले. त्यांच्या प्रवासाचा खर्च आपण दिलात. तेव्हा तिथे काय झाले, याचा हिशेब आपल्याला देणे माझे कर्तव्य आहे. हा हिशेब थोडा अवघड आहे, पण देवाच्या घरात खरेच बोलायला हवे.

जव्हारहून एसटीने नाशिक, तिथून पुणे, पुण्याहून वाई आणि मग पसरणीचा घाट. मुलांना घाटाचे नवल नव्हते, आपलाही मुलूख डोंगराचाच. नवल वाटले ते तिथल्या झाडांचे. 'एशिया प्लॅटो' हे केंद्र राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात उभे केले. तेव्हा ते पठार जवळजवळ उजाड होते. आज तिथे गर्द सावली आहे. आमची एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्या पाड्यावरचा डोंगर पण असा होईल का?"

शिबिरात केनिया, व्हिएतनाम, दक्षिण कोरिया आणि आपल्या ईशान्य भारतातून आलेली तरुण मुले होती. पहिल्या दिवशी आमची पाचही जणे भिंतीला टेकून बसली. इंग्रजी येत नाही, कपडे साधे. जेवणानंतर गटवार कामे वाटली गेली. भाजी चिरणे, वाढणे, भांडी घासणे ही कामे तिथे आलेल्यांनीच करायची, मग तो कोणी का असेना. आमच्या गटाला भांडी आली. त्या मोरीपाशी आमची मुले एकदम मोकळी झाली! वसतिगृहात रोजच हे काम. मोठी पातेली राखेने कशी घासतो, हे त्यांनी हातवारे करून कोरियाच्या मुलांना दाखवले. मला योहानाचा तेरावा अध्याय आठवला. आपण तो पवित्र गुरुवारी वाचतो, आणि उरलेले वर्ष भांडी दुसऱ्या कोणाकडे तरी असतात.

नागालँडच्या एका मुलीने आमच्या मुलीला विचारले, "तू सभेत तुझ्या भाषेत का बोलत नाहीस?" दुसऱ्या दिवशी आमची मुलगी वारलीत बोलली, दुसरीने त्याचे मराठी केले आणि तिसऱ्या कोणीतरी इंग्रजी. दोनशे माणसे शांत बसून ऐकत होती. बंधुभगिनींनो, मी बारा वर्षे रेक्टर आहे. या मुलांना मी किती तरी वेळा मंचावर उभे केले आहे, पण ते देणगीदारांचे आभार मानायला. त्यांना काही सांगायचे असेल, हे माझ्या मनात आले नव्हते.

तिथे रोज सकाळी काही वेळ सगळे शांत बसतात. प्रत्येकाला एक वही असते. मनात जे येईल ते लिहायचे. माझ्याकडून कुठे खोटे झाले, कुठे स्वार्थ झाला, आणि ते मी कसे दुरुस्त करणार, हे स्वतःला विचारायचे. ही रीत ज्यांच्यामुळे पसरली, ते फ्रँक बुकमन हे अमेरिकेतले लुथरन पाळक. तेही फिलाडेल्फियात गरीब मुलांचे वसतिगृह चालवत असत. खर्चावरून कमिटीच्या सहा सभासदांशी त्यांचे बिनसले आणि ते रागाने काम सोडून गेले. पुढे १९०८ साली इंग्लंडमधल्या केसिक येथे एका छोट्या चॅपेलमध्ये वधस्तंभावरचा संदेश ऐकताना त्यांना आपल्या मनातली अढी दिसली. त्यांनी त्या सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही म्हणतात. पण लिहिणारा बदलला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा मोठा मुलगा, वसतिगृहाचा मेस-प्रमुख, वही घेऊन माझ्याकडे आला. तोंडाने बोलवेना, म्हणून त्याने वहीच पुढे केली. त्यात लिहिले होते, "भाजीचे तीनशे रुपये मी घेतले होते."

हे तीनशे रुपये कोणते, ते सांगतो. मागच्या ऑगस्टमध्ये मेसच्या डब्यातून पैसे गेले. सातवीतला एक मुलगा त्या खोलीजवळ दिसला होता. मी त्याला संध्याकाळच्या प्रार्थनेत सर्वांसमोर उभे केले. तो "मी नाही घेतले" एवढेच म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी तो वसतिगृह सोडून घरी गेला, आणि परत आला नाही.

वही वाचून मला आधी त्या मोठ्या मुलाचा राग आला. मग मी माझी वही उघडली. दुसऱ्या कोणाला मी असे उभे केले असते का? तो मुलगा कातकरी होता. कातकऱ्यावर चोरीचा आळ घ्यायला आपल्याकडे कोणी पुरावा मागत नाही. मीही मागितला नाही. मुलाने तीनशे रुपये चोरले, पण मी एका लेकराची शाळा चोरली. हे मी तुमच्यासमोर कबूल करतो.

शिबिराहून आल्यावर आम्ही दोघे त्याच्या पाड्यावर गेलो. घराला कडी होती. दिवाळीनंतर सगळे कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. पत्ता काढत पुढच्या रविवारी तिथे पोचलो. मुलगा वाळलेल्या विटा रचत होता. आमच्या मोठ्या मुलाने आईबापासमोर हात जोडले आणि सगळे सांगितले. मीही माफी मागितली.

त्याचा बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मास्तर, पोर सांगत होता, मी नाही घेतले. तुम्ही बोलता म्हणजे खरं असंल, म्हणून आम्हीच त्याला मारला." आईने कोरा चहा दिला. मुलाने आमच्याकडे न बघता एकच गोष्ट विचारली, "हे सगळ्यांसमोर सांगाल का?"

त्याच आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेत, जिथे मी त्याला उभे केले होते तिथेच उभे राहून आम्ही दोघांनी सांगितले. मेस-प्रमुखाने सुट्टीच्या दिवशी शेतावर मजुरी करून तीनशे रुपये भरले. मुले चिडतील, असे मला वाटले होते. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर वस्तू येऊ लागल्या. कोणाची पेन्सिल, कोणाची बॅटरी, एक कंपासपेटी. जक्कयाच्या घरी त्या दिवशी असेच काहीसे झाले असेल.

मुलीही रिकाम्या हाताने आल्या नाहीत. त्यांतल्या दोघी शनिवारी जवळच्या पाड्यावर लहान मुलांना वारलीतून समजावत वाचायला शिकवतात. हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

तो मुलगा अजून परत आलेला नाही. बापाने भट्टीवाल्याकडून उचल घेतली आहे, ती पावसाळ्यापर्यंत फेडायची आहे. त्यानंतर मुलाला पाठवायचे की नाही ते बघू, एवढेच तो म्हणाला. आठवीतली त्याची जागा आणि वसतिगृहातली त्याची खाट आम्ही ठेवली आहे. त्याच्यासाठी नाव न घेता प्रार्थना करा, देवाला ते माहीत आहे.

आणि एक विनंती. या वर्षी आमची मुले आपल्या मंडळीत येतील, तेव्हा त्यांना आभाराचे गीत म्हणायला लावू नका. प्रीतिभोजनाच्या वेळी त्यांना आपल्याबरोबर स्वयंपाकघरात घ्या, आणि शेजारी उभे राहून भांडी घासा. मग त्यांना काय सांगायचे आहे ते विचारा.