इमॅन्सिपेशन आणि ॲबॉलिशन
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी काही इंग्रजीचा प्रोफेसर नाही. पण ज्या भाषेत कायदे लिहिले जातात, त्या भाषेतले शब्द नाण्यासारखे वाजवून घेतले पाहिजेत, असं माझं मत आहे. आज दोनच शब्द घेतो. इमॅन्सिपेशन आणि ॲबॉलिशन. आपण दोन्हींना 'मुक्ती' म्हणून मोकळे होतो. घोटाळा इथंच आहे.

इमॅन्सिपेशन लॅटिनमधून आलं. त्यात 'मानुस' आहे. मानुस म्हणजे माणूस नव्हे, हात! रोमन बाप पोराला आपल्या सत्तेतून मोकळं करी, त्याचं हे कायद्यातलं नाव. म्हणजे धरणारा हात मालकाचा आणि सोडणाराही मालकाचाच. ॲबॉलिशनमध्ये हा हात नाही. ती माणसाची होत नाही, प्रथेची होते. गुलाम इमॅन्सिपेट होतो. गुलामी ॲबॉलिश होते. एकात सुटका, दुसऱ्यात निकाल.

हा शब्दांचा खेळ नाही. अमेरिका बघा. एप्रिल १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातले गुलाम कायद्यानं सोडले. भरपाई दिली, माणशी तीनशे डॉलरपर्यंत. कुणाला? मालकाला! आणि गुलामाला? देश सोडून जाणार असशील तर शंभरपर्यंत देऊ! १ जानेवारी १८६३ ला लिंकनचा जाहीरनामा लागू झाला. नाव इमॅन्सिपेशन. पण तो बंडखोर मुलखापुरता. केंटकी, डेलावेअर, मेरीलँड, मिसुरी ही गुलामांची राज्यं लिंकनच्या बाजूला होती. या जाहीरनाम्यानं तिथला गुलाम गुलामच राहिला.

आणि हात आपखुशीनं सुटला नाही, हेही ध्यानात ठेवा. लोक मळ्यांवरून पळाले. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लिंकनच्या फौजेत लढले. डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली, तेव्हा प्रथाच देशभर मोडीत निघाली. ही ॲबॉलिशन. पण तिच्यातही एक फट ठेवली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून गुलामी चालेल. त्याच फटीतून दक्षिणेतल्या सरकारांनी काळे कैदी खाणींना, मळ्यांना भाड्यानं दिले. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं.

हे परक्याचं गाऱ्हाणं नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडायला झटलेल्या अमेरिकनांना. १९७२ च्या पँथरनं नाव घेतलं ब्लॅक पँथरचं. आता आपले शब्द वाजवा. 'उद्धार' म्हणजे वर ओढणं. ओढणारा वर, आपण खाली. हे देशी इमॅन्सिपेशन. 'निर्मूलन' म्हणजे मूळच उपटणं. ही ॲबॉलिशन. घटनेचं सतरावं कलम अस्पृश्यांचा उद्धार करत नाही. ते अस्पृश्यता ॲबॉलिश करतं. तिथं उपकाराला जागाच नाही.

मग फट कुठंय? हातानं मैला उपसण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. तरी गटारात उतरलेला माणूस आजही गुदमरून मरतो. तो कुठल्या वस्तीतला असतो, हे तुम्हाला मी काय सांगावं?

म्हणून उद्या कुणी स्टेजवरून आपली मुक्ती जाहीर केली, तर टाळ्या वाजवायच्या आधी उभं राहून विचारा : बाबा रे, हात सोडतोयस की मूळ उपटतोयस? आणि फट कुठं ठेवलीयस?

जयभीम.