पहिलं ऐकणारं माणूस



देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. 26 मार्च 1972 ची रात्र. गडचिरोली जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. वडसा चंद्रपुरातच होतं. भावानं दिलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला पोलीस ठाण्यात आणलं होतं. वय चौदा ते सोळा. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला मागे ठेवून घेतलं. ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला तिच्याच नावानं ओळखला जातो. मी ते नाव घेणार नाही.

ठाण्याचे दिवे मालवलेले, दार आतून बंद. तिच्या माणसांनी मागच्या बाजूला जाऊन तिला हाका मारल्या. गर्दी जमली. बाहेर येताच तिनं झालेलं सांगितलं, आणि लोकांनी ते खरं मानलं. तक्रार नोंदवून घ्यायला लावली ती या गर्दीनंच.

न्यायालयांत मात्र वेगळंच घडलं. 1974 मध्ये सत्र न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं. 1976 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. धाकानं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या खंडपीठानं ओळखलं होतं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि ती ओरडली नाही! त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरलं. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही, हेही 2013 मध्ये कायद्यात आलं.

कायदा शिकला. आपण शिकलो का? गावात आजही पहिला प्रश्न येतो, ‘मग ओरडली का नाहीस?’ श्रोतेहो, भीतीनं वाचा बसते, अंग ताठरतं, हातपाय हलत नाहीत. ते तिच्या हातात नसतं. आणि अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. त्याचं नाव घ्यायला मोठी हिंमत लागते, म्हणून कित्येकजणी उशिरा बोलतात. उशिरा बोलली म्हणून ती खोटी ठरत नाही.

ती तुमच्याशी बोलली, तर आधी एवढंच म्हणा, ‘तू सांगतेस ते मला पटतं. यात तुझी काही चूक नाही.’ ती गोंडीत, माडियात बोलत असेल तर तिच्या भाषेत ऐका. खोदून विचारू नका. चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

मग तिच्या मर्जीनं तिला लवकर दवाखान्यात न्या. गर्भ राहू नये आणि एचआयव्हीची लागण होऊ नये यासाठीची औषधं 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून ठेवा. आंघोळ झाली असली तरी जा. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याला उपचार मोफतच द्यावे लागतात आणि पोलिसांचा कागद आणा असं म्हणून परत पाठवता येत नाही. कौमार्य तपासण्याच्या नावाखाली होणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये पुन्हा ठामपणे नाकारली आहे. ती कुणी करू लागलं तर नकार द्या.

तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. तिचा जबाब महिला अधिकाऱ्यानंच घ्यायचा असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते. तातडीसाठी 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098.

मुलगी अठराच्या आतली असेल, तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. गावात बैठक बसवून, दंड घेऊन, लग्न लावून हे प्रकरण मिटवता येत नाही. अशी बैठक बसत असेल तर तिथं उभं राहून विरोध करा. वडशाच्या लोकांनी 1972 मध्ये, कायदा बाजूनं नसताना, एका मुलीची बाजू घेतली होती. आज कायदा आपल्या बाजूनं आहे. आता मागे राहायला आपल्याला कुठलीच सबब उरलेली नाही.